राखण दत्तूने केली होती

मंडईत मेथीची जुडी हातात होती तेव्हा सचिनचा फोन आला. सचिन म्हणजे माझा पुतण्या, धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सकाळच्या वेळी तो कधी फोन करत नाही. "अण्णा, कुठे आहात? आधी कुठेतरी बसा," म्हणाला. मी म्हटलं, "बसायला काय झालंय मला? बोल." मग तो बोलला. माझा भाऊ दत्तू पहाटे झोपेतच गेला होता. भाजीवाली म्हणाली, "बाबा, घेताय का ठेवताय?" मी मेथी घेतली. कोथिंबीरही घेतली. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी आलो, मेथी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, हातपाय धुतले, आणि मग दत्तूच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडून तर घर. लोक म्हणाले, सख्ख्या भावाला यायला एवढा उशीर? मी कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, मी पोचेपर्यंत तरी तो आहे...

याला आता महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस. चौथीनंतर आमच्या वडिलांनी, तात्यांनी, हातात पहार दिली आणि म्हणाले, आता याने लिही. साठ वर्षं मंडपाचा धंदा केला. पुण्यात किती रस्त्यांना आम्ही दोघा भावांनी भोकं पाडली असतील त्याचा हिशेब नाही. लिहायची सवय नाही, पण दर रविवारी पेपरची ही पुरवणी मी वाचतो, ओळीखाली बोट धरून वाचतो. गेलेल्या माणसांवर लोक यात लिहितात. तो माणूस नेहमी देवच असतो. दत्तू देव नव्हता. तंबाखू खायचा, वेळ पाळायचा नाही, हातोडी गोदामात विसरून साइटवर यायचा आणि दगडाने खिळे ठोकायचा. त्याचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. आमच्या घरात एक गोष्ट अठ्ठावीस वर्षं चुकीची सांगितली जाते. ती चुकीची आहे हे दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक गेला. उरलेल्याने बोलायला पाहिजे, म्हणून लिहितोय.

मंडपवाल्याला सुट्टी कधी असते ते सांगतो. लग्नसराईत नाही, गणपतीत नाही, नवरात्रात नाही. सगळे लोक जेव्हा मजा करतात तेव्हा आम्ही बांबूवर. पौषात मात्र लग्न नसतं, मुंज नसते. पौष म्हणजे आमचा मे महिना. तात्यांनी एक रीत घालून दिली होती. वर्षभर लोकांच्या डोक्यावर छत धरतो, पौषात एकदा आपल्या डोक्यावर धरायचं. टेम्पोत बांबू, कनाती, छताचं कापड, सतरंज्या, एक मोठं पातेलं, घरातली सगळी माणसं, आणि निघायचं. खडकवासल्याच्या पुढे धरणाचं पाणी डोंगरात आत शिरतं तिथे वनखात्याची झाडी आहे. करंज, जांभूळ, उंबर. त्या झाडीच्या कडेला, पाण्याच्या जवळ, आमचा मंडप. दोन दिवस राहायचं. हुरडा, पिठलं, भाकरी, वांगी भाजायची. बायकांना दोन दिवस नळाची वेळ बघायची नाही याचंच कौतुक. येणारेजाणारे विचारायचे, कुणाचं लग्न आहे हो? दत्तू गंभीर तोंड करून सांगायचा, "आमच्या अण्णांचं. दुसरं." माझी बायको मालती लांबून म्हणायची, "अहो भाऊजी, मुलगी मिळाली तर मला पण कळवा, मी सुटले."

दत्तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन मंडपात फिरवलाय. त्याला एक खोड होती. बांबू उतरवताना एकेकाला हात लावून ओळख सांगायचा. हा कुलकर्ण्यांच्या मुंजीत चिरला तो. हा जोश्यांच्या लग्नात वादळात उभा राहिला तो, याला मान द्या. मी म्हणायचो, "दत्तू, बांबू आहेत ते, पाहुणे नाहीत. उचल." धंद्यात माझा शब्द शेवटचा. तात्या गेल्यावर मीच मोठा. मंडप कुठे उभा करायचा, दार कुठल्या बाजूला, वारा कुठून येईल, हे मी ठरवायचो आणि दत्तू बांधायचा. मी चुकलो असं सहसा झालं नाही. झालं तरी मी म्हणू दिलं नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची त्या वर्षी सचिन सहा वर्षांचा होता. दत्तूला मूल उशिरा झालं. शोभाने, म्हणजे दत्तूच्या बायकोने, त्याच्यासाठी किती उपास केले ते गल्लीला माहीत आहे. ती पोराला नजरेआड होऊ द्यायची नाही. माझी मुलगी रेखा तेव्हा पंधरा वर्षांची. असे सहा जण आम्ही गेलो. त्या वर्षी पाणी बरंच खाली गेलेलं होतं आणि झाडीच्या खाली गाळाचं मोठं मैदान उघडं पडलं होतं. सपाट, मऊ, एक खडा नाही. माझा जीव हरखला. मंडपवाल्याला सपाट जागा दिसली की त्याचं डोकं चालेनासं होतं, हे आज म्हणतो. तेव्हा म्हणालो, "इथेच. पहार काढ." दत्तू जरा थांबला. म्हणाला, "अण्णा, वर झाडीत बांधू या का? पाणी जवळ आहे." मी म्हटलं, "झाडीत काय माकडांचं लग्न आहे?" त्याने पहार मारली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. "बघ," मी म्हटलं, "पुण्याच्या रस्त्यात असा खड्डा घ्यायला अर्धा तास लागतो." तो म्हणाला, "सहज जातंय ते सहज निघेल पण." मी ऐकलं नाही. एक म्हातारी म्हशी घेऊन वर चालली होती, ती पण थांबली. "आरं बाबांनो, हितं नगा राहू. वरल्या धरणातनं पाणी सोडत्यात, ह्ये समदं भरतंय." मी म्हणालो, "मावशी, आम्ही भर चौकात बसच्या तोंडासमोर मंडप उभे करतो. पाण्याचं काय सांगता?" ती दत्तूकडे बघून म्हणाली, "ह्यो थोरला व्हय?" आणि म्हशींना हाकत निघून गेली.

मंडप मात्र असा झाला होता! चार खांब, वर पिवळं छत, तिन्ही बाजूंनी कनात, पाण्याची बाजू उघडी. संध्याकाळी पाण्यावर ऊन पडलं की छत आतून सोन्यासारखं दिसायचं. मालती म्हणाली, लग्नात एवढा चांगला मंडप नव्हता आपल्याला. मी म्हटलं, तेव्हा बांधणारा दुसरा होता. जेवणं झाली. पोरं पाण्याच्या बाजूला झोपली, त्यांना पहाटे उठून पक्षी बघायचे होते. शोभा सचिनला चिकटून. मी मधोमध आडवा झालो आणि घोरायला लागलो. मी घोरतो, ते सगळ्या पेठेला माहीत आहे. दत्तू म्हणाला, मी जरा बाहेर शेकत बसतो.

यापुढचं मी पहिल्यांदाच सांगतोय. उजाडायच्या आधी कुणीतरी माझा पाय हलवत होतं. दत्तू होता. तोंडाशी बोट धरून हळू म्हणाला, "अण्णा, ऊठ. पाणी आलंय." मी बाहेर आलो. त्याने बॅटरी खाली धरली. संध्याकाळी पाणी पन्नास-साठ पावलांवर होतं, ते आता पोरांच्या सतरंजीपासून सात-आठ पावलांवर आलं होतं. लाट नाही, आवाज नाही. नुसतं सरकत होतं. दत्तूने पाण्याच्या कडेला काड्या रोवून ठेवल्या होत्या. एक बुडाली की मागे सरून दुसरी रोवायची. त्या म्हातारीचं बोलणं त्याच्या मनात राहिलं होतं आणि तो रात्रभर डोळ्याला डोळा न लावता बसला होता. पहिल्या दोन काड्या गेल्या तेव्हा त्याला वाटलं थांबेल. तिसरी गेल्यावर त्याने रिकामा टेम्पो चाकामागे लाकूड लावत, हातभर हातभर ढकलत वर नेला, सुरू केला असता तर सगळे घाबरून उठले असते म्हणून. मग पातेलं, धान्य, स्टो, एकेक करून वर नेऊन ठेवलं. पाचवी काडी बुडाल्यावर त्याने मला उठवलं. मी म्हटलं, "मग यांना का नाही उठवलंस?" तो म्हणाला, "तू उठव. तुझं ऐकतील."

एवढंच बोलला. त्याच्या मनात काय होतं ते मला तिथेच कळलं होतं, न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो. त्याने उठवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की ही जागा निवडली कुणी. मी उठवलं तर लोक म्हणणार, बरं झालं अण्णा जागे होते. भावाने माझी चूक झाकायला मला पांघरूण दिलं होतं आणि मी ते घेतलं. मी आत गेलो आणि मंडपवाल्याच्या आवाजात ओरडलो, "उठा! पाणी आलं! पोरं घ्या आणि वर पळा!" एकच गडबड. शोभाने सचिनला उचललं आणि अनवाणी धावली, रेखा रडायला लागली, मालती माझं नाव घेऊन काहीतरी ओरडत होती. मी सगळ्यांच्या मागे हात हलवत, चला चला करत झाडीत. दत्तू खाली राहिला. बांबू, छत, कनाती... आमची भाकरी होती ती. ती पाण्यात सोडायची नाही म्हणून तो गुडघाभर पाण्यात उभा राहून गाठी सोडत होता. पौषातलं धरणाचं पाणी. उजाडलं तेव्हा तो वर आला, खांद्यावर कापडाचा गठ्ठा, ओठ निळे, दात वाजताहेत.

शोभाने त्याला सगळ्यांत शेवटी येताना पाहिलं. पाणी अंगाला लागल्यावर जाग आली, असंच तिला वाटलं. पोराला तिने छातीशी घट्ट धरलं होतं. म्हणाली, "बघा! आत्ता उठून येताहेत. लेकरू वाहून गेलं असतं तरी यांची झोप मोडली नसती." भीती गेली की माणसं हसतात तसे सगळे हसले. टेम्पो आणि भांडी आधीच वर कशी आली हे कुणी विचारलं नाही, मीच आणली असं धरून चालले. मालती म्हणाली, "नशीब, हे जागे होते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दत्तूकडे पाहिलं. तो खाली बसून स्टोला पिन मारत होता, वर बघितलंच नाही त्याने. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोललो. म्हणालो, "मंडपवाल्याची झोप सावध असते." दत्तूने चहा केला आणि पहिला कप मला दिला.

परत येताना टेम्पोत पुढे आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "तू का नाही बोललास?" त्याने तंबाखू मळली आणि म्हणाला, "काय बोलायचं? तुझा आवाज मोठा, सगळे एका हाकेत उठले. झालं." वडगाव मागे पडलं. मग तो गुणगुणायला लागला, बेसूर.

खोटं एकदाच बोलावं लागतं, पुढे ते लोक सांगतात. दर पौषात शेकोटी पेटली की कुणीतरी म्हणायचं, अण्णा, ती पाण्याची गोष्ट. मी सांगायचो नाही, मालती सांगायची, नंतर रेखा, नंतर सचिन. गोष्ट वाढत गेली. एका वर्षी मला पाण्याचा वास आला म्हणून जाग आली असं झालं. दुसऱ्या वर्षी मी सचिनला पाण्यातून बाहेर काढला. मी हूं का चूं केलं नाही. आणि दत्तूचं काम त्या गोष्टीत एकच, झोपण्याचं. "पप्पा घोरत होते," सचिन म्हणायचा आणि घोरून दाखवायचा. हसू व्हायचं. दत्तू पण हसायचा आणि लाकडं आणायला उठून जायचा. लाकडं असली तरी जायचा. दर वर्षी तो त्या ठिकाणी उठायचा, आणि दर वर्षी मी ते बघायचो.

नऊ वर्षांपूर्वी मालती गेली. सचिन तोवर नोकरीला लागला होता. दोन वर्षांनी त्याने सहलीला नवे तंबू आणले, गोल, रंगीत, चेन लावायचे, पिशवीतून काढले की आपोआप उभे राहणारे. "अण्णा, पाच मिनिटांत होतं सगळं, बांबू कशाला न्यायचे?" मी म्हटलं, "मी पिशवीत झोपत नाही. मेल्यावर चालेल." आणि मी जायचं बंद केलं. सात वर्षं गेलो नाही. सगळ्यांना वाटलं म्हातारा हट्टी, त्याचा अपमान झाला. ते मला बरं होतं. खरं सांगायचं तर तंबूचं निमित्त होतं. मला शेकोटीजवळ बसायचं नव्हतं. मालती होती तोवर ती माझ्या शेजारी असायची, तिच्याशी काहीतरी बोलत मी मान फिरवायचो. आता मान फिरवायला बाजू नव्हती.

दत्तू मात्र दर वर्षी स्वतः बोलवायला यायचा. मागच्या पौषातही आला. स्कूटरच्या पायात एक जुनी कनात बांधून आणली होती. जिना चढून धापा टाकत बसला. म्हणाला, "अण्णा, या वर्षी पिशवी नाही. कनात काढलीय, दोघांपुरती बांधतो. चल."

मी म्हटलं, "दोघांपुरता मंडप बघितलास कुठे? मी काय मूर्ती आहे का बसवायला?"

"मूर्तीला उचलून नेता येतं. तुझं तसं नाही म्हणून विचारतोय."

मला हसू आलं होतं. पण मी हसलो नाही. मग तो म्हणाला, "सचिनची पोरगी विचारते, त्या गोष्टीतले अण्णा येत का नाहीत." ते ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मला वाटलं, टोचतोय. आज म्हणतो, टोचत नव्हता. आयुष्यात कधी टोचलं नाही त्याने, तो त्या वेळी कशाला सुरुवात करेल. मी म्हणालो, "सांग तिला, अण्णा झोपलेत." त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं," आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. मी गॅलरीतून बघत होतो. स्कूटरला चार किका मारल्या, सुरू होईना. पाचवीला झाली. चार किकांएवढा वेळ होता माझ्याकडे, वरून हाक मारायला. माझा आवाज मोठा आहे, ते त्यानेच सांगितलं होतं.

त्यानंतर भेटलो नाही असं नाही. गणपतीत भेटलो, दिवाळीला फराळाला भेटलो. पण ते भेटणं चहापाण्याचं. मग दिवाळीनंतर ती मेथीची सकाळ...

तेराव्याला जेवणं झाली आणि माणसं बसली. कुणी काही आठवणी सांगत होतं. सचिन उभा राहिला. डोळे सुजलेले. म्हणाला, "पप्पा फार साधे होते. झोपाळू होते," आणि लोक हसले, तोही रडता रडता हसला. मग त्याने ती गोष्ट सांगितली. सगळी, वाढवलेली. शेवटी माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा होते म्हणून आज मी उभा आहे." शे-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. समोर दत्तूचा फोटो, हार घातलेला. मी सचिनच्या पाठीवर हात ठेवला. आणि गप्प बसलो. पहिल्या वेळी पन्नाशीत होतो, म्हणू की गर्व होता. या वेळी अठ्ठ्याहत्तरी जवळ आली आहे, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी शोभाकडे गेलो. सचिन आणि सून कामावर, नात शाळेत. ती पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. मी बसलो, पाणी प्यालो आणि म्हणालो, "शोभा, त्या पाण्याच्या वेळी जागा मी नव्हतो. दत्तू होता. त्याने मला उठवलं."

तिचा हात ताटात थांबला. "मग ते सगळ्यांत शेवटी कसे आले?"

"पाण्यात उभा राहून मंडप सोडत होता. त्याच्या आधी रात्रभर राखण करत बसला होता."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"ओरडत होतो."

मी मग सगळं सांगितलं, काड्यांसकट. माझं संपल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "अण्णा, मी काय काय बोलले असेन त्यांना, तुम्हाला ठाऊक आहे? सचिनला टायफॉइड झाला तेव्हा यांना मी पोराजवळ बसू दिलं नाही. म्हटलं, तुम्ही जाऊन झोपा, तुम्हाला नाकाशी पाणी आलं तरी जाग येत नाही. आठ दिवस मी एकटी बसले. हे बाहेर बसायचे, जिन्यात. नात झाली तेव्हा पण. सगळे पाळ्या लावून तिला सांभाळायचो, यांना पाळी दिली नाही. आजोबांना नको, ते झोपतील." मग हळूच म्हणाली, "कधी उलटून बोलले नाहीत हो. हसायचे नुसते."

हे मला माहीत नव्हतं. माझं खोटं शेकोटीपुरतं आहे असं मी समजत होतो. ते दत्तूच्या घरात राहायला गेलंय, त्याच्या ताटाशी बसतंय, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि दत्तू तर सांगणारच नव्हता. शोभा म्हणाली, "एकदा शेजारी चोर आले होते. तेव्हा मी म्हटलं, झोपायचंच आहे तर दारात झोपा, येणारा अडखळून तुमच्या अंगावर तरी पडेल. चेष्टेत म्हटलं होतं अण्णा. त्या दिवसापासून यांनी गादी दारात घातली. आतली कॉट सोडून वीस वर्षं त्या दारात झोपले. तिथेच गेले."

मी दाराकडे पाहिलं. चौकटीच्या आत, उजव्या भिंतीला लागून माणूसभर जागा रिकामी होती. फरशी तेवढी गुळगुळीत झालेली. चपलांचं स्टँड, सायकल, गॅसची टाकी, सगळं दुसऱ्या बाजूला खेटून.

"एकदा बोलला असतात," शोभा म्हणाली. "नुसतं एकदा. मला नाही तर त्यांना तरी, माझ्यादेखत." तिने ताट परत पुढे ओढलं आणि खडे शोधायला लागली. खाली बघूनच म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग. तेराव्याला सगळ्यांनी ऐकलंय. आता सगळ्यांना कळू दे. सचिनला मी सांगणार नाही. त्याला वाचू दे."

म्हणून हे लिहिलं. सचिन, बाळा, त्या पहाटे तुला वाचवणारा झोपलेला नव्हता.

त्या दुपारी मी निघायला उठलो आणि दारापर्यंत गेलो, तर पायांतलं बळ गेलं. मी भिंतीला धरून तिथेच खाली बसायला लागलो. मागून शोभा म्हणाली, "अण्णा, तिथं नको."

आवाज चढा नव्हता. आजवर मला कुणी इथे बसू नका, तिथे बसा असं सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी मुद्दाम तिथेच बसलो असतो. मी अर्धा वाकलेला सरळ झालो. स्टँडवरून चपला घेतल्या आणि सायकलच्या बाजूने, अंग चोरून, त्या जागेला वळसा घालून बाहेर पडलो. एक जिना उतरून खाली आलो. रस्त्यावर पायाला डांबर गरम लागलं तेव्हा लक्षात आलं, चपला अजून हातातच होत्या. घरात कुणी झोपलं असलं की आपण घेतो तशा.